धावताना पोटरीत गोळा का येतो?

दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनच्या परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो. तोवर पूर्ण अंतर धावणाऱ्यांनी तीस किलोमीटरहून अधिक पल्ला गाठलेला असतो, ऊन चढू लागलेले असते आणि समुद्रकाठच्या दमट हवेने अंग घामाने निथळत असते. याच चढावर रस्त्याच्या कडेला, दुभाजकाचा आधार घेऊन, चेहरा पिळवटून एक पाय ताणत उभे असलेले धावपटू हमखास दिसतात. त्यांच्या पोटरीत गोळा आलेला असतो.

बोलीभाषेत याला कोणी गोळा म्हणते, कोणी पेटका, तर कोणी वांब. नाव काहीही असले तरी अनुभव सारखाच असतो. पळता पळता पोटरीचा स्नायू अचानक दगडासारखा घट्ट होतो, पाय जमिनीवर टेकवत नाही आणि कळ मस्तकात जाते. काही सेकंदांपासून काही मिनिटांत ही कळ ओसरते. दुखरेपणा मात्र एक-दोन दिवस मागे उरतो. हौशी धावपटूची यामुळे फार तर शर्यत हुकते. पोलिस भरतीच्या मैदानावर मात्र हेच काही सेकंद वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतात. पोलिस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते व ५० पैकी २० गुण या एका प्रकाराला असतात.

गोळा आला की भोवतालच्या मंडळींची उत्तरे ठरलेली असतात. 'मीठ कमी पडले', 'पाणी कमी प्यायला', 'केळे खाल्ले नाही'. या उत्तरांत थोडे तथ्य आहे. पण गेल्या पंचवीसएक वर्षांतील संशोधनाने या दुखण्याचे मुख्य कारण दुसरीकडे, म्हणजे थकलेला स्नायू आणि त्याला आज्ञा देणारे मज्जातंतू यांच्यातील बिघडलेल्या ताळमेळात दाखवले आहे. कारण नेमके कळले की उपाय बदलतो. म्हणूनच धावणाऱ्या प्रत्येकाने हा विषय समजून घेणे आवश्यक आहे.

पोटरीची रचना

पोटरी प्रामुख्याने दोन स्नायूंची बनलेली असते. वरून दिसणारा, दोन भागांचा फुगीर स्नायू म्हणजे गॅस्ट्रोक्नेमियस. त्याच्याखाली दडलेला रुंद, चपटा स्नायू म्हणजे सोलियस. दोन्ही स्नायू खाली एकत्र येऊन अकिलीस या जाड कंडरेच्या रूपाने टाचेच्या हाडाला जोडले जातात. टाच उचलणे आणि चवड्यावर जोर देऊन शरीर पुढे ढकलणे हे त्यांचे काम. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्यांना पेलावा लागतो आणि मॅरेथॉनमध्ये अशी हजारो पावले पडतात.

यातील गॅस्ट्रोक्नेमियसचे एक वैशिष्ट्य आहे. तो गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून सुरू होतो आणि टाचेपर्यंत जातो. म्हणजे गुडघा व घोटा असे दोन सांधे तो ओलांडतो. गुडघा वाकलेला आणि टाच उचललेली असताना तो आखूड झालेला असतो. अशा आखडलेल्या अवस्थेत त्याला पुन्हा पुन्हा आकुंचन पावावे लागले तर गोळा येण्याचा संभव वाढतो. मांडीच्या मागच्या स्नायूंनाही असेच दोन सांधे ओलांडावे लागतात. धावपटूंना गोळा येण्याची ठिकाणे बहुधा हीच असतात, त्याचे हे एक कारण होय.

मिठाची उपपत्ती

घामातून मीठ गेल्यामुळे गोळे येतात ही समजूत निराधार नव्हती. १९२० च्या दशकात ब्रिटनमधील कोळसा खाणींत, खोल व उष्ण बोगद्यांमध्ये राबणाऱ्या कामगारांना पोटात, हातापायांत तीव्र गोळे येत. हे कामगार भरपूर घाम गाळत आणि वरून साधे पाणी पीत. त्यांच्या पाण्यात थोडे मीठ घातल्यावर त्रास कमी होत असल्याचे अभ्यासकांना आढळले. १९३० च्या दशकात अमेरिकेतील हूवर धरणाच्या बांधकामावरील मजुरांचाही याच दृष्टीने अभ्यास झाला. तेव्हापासून 'घाम, मीठ आणि गोळा' ही साखळी सर्वमान्य झाली आणि क्रीडाक्षेत्रानेही ती जशीच्या तशी स्वीकारली.

मात्र या उपपत्तीला काही प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. मीठ तर साऱ्या शरीरातून कमी होते. मग गोळा एकाच पोटरीत का येतो? थंड हवेतही धावपटूंना गोळे का येतात? आणि मिठाचा कणही न देता केवळ स्नायू ताणला तर गोळा काही क्षणांत का सुटतो?

थकव्याची उपपत्ती

१९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञ मार्टिन श्वेलनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली. स्नायूंमध्ये आणि कंडरांमध्ये दोन प्रकारचे संवेदक असतात. एक संवेदक स्नायू किती ताणला गेला हे मज्जारज्जूला कळवून त्याला आकुंचनाची प्रेरणा देतो. दुसरा कंडरेवरील ताण मोजतो आणि आकुंचन अती झाले तर स्नायूला सैल पडण्याचा संदेश देतो. पहिल्याला वाहनाचा ॲक्सिलरेटर आणि दुसऱ्याला ब्रेक म्हणता येईल. स्नायू अतिशय थकला की पहिल्याचे संदेश वाढतात आणि दुसऱ्याचे क्षीण होतात. त्यातच स्नायू आखडलेल्या स्थितीत असेल तर कंडरेवर ताणच राहत नाही आणि ब्रेक आणखी सैल पडतो. मज्जारज्जूकडून आकुंचनाच्या आज्ञा सुटत राहतात आणि स्नायू सैल होण्याचे विसरतो. हाच गोळा.

पोटरी ताणली की कंडरेवरील ताण वाढतो, ब्रेक पुन्हा काम करू लागतो आणि गोळा सुटतो. जगभरातील धावपटू अनुभवाने जे करत आले होते, त्याचा अर्थ या मांडणीने प्रथमच नीट लागला.

पुढील पाहण्यांनी तिला बळ दिले. केपटाऊनजवळ होणाऱ्या ५६ किलोमीटरच्या 'टू ओशन्स' शर्यतीतील धावपटूंच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. गोळा आलेले आणि न आलेले यांच्या शरीरातील पाण्याच्या वा क्षारांच्या प्रमाणात गोळ्याचे स्पष्टीकरण देता येईल असा फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत आयर्नमॅन स्पर्धेतील २१० स्पर्धकांपैकी ४३ जणांना गोळे आले. या स्पर्धकांचे वेगळेपण दोन बाबतींत दिसले. त्यांना पूर्वीही असा त्रास झालेला होता आणि ते इतरांपेक्षा अधिक वेगाने स्पर्धेत उतरले होते. स्पेनमधील व्हॅलेन्सिया मॅरेथॉनमधील धावपटूंच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असेच चित्र दिसले. गोळा आलेल्यांच्या रक्तात स्नायूंची झीज दर्शवणारे घटक अधिक होते. पाणी आणि क्षारांत फरक नव्हता. गोळा न आलेल्यांमध्ये स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम नियमित करणाऱ्यांचे प्रमाण जास्त होते.

क्रिकेटप्रेमींना याचे एक उदाहरण चांगलेच आठवेल. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडे स्टेडियमवर विश्वचषकाच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलने अफगाणिस्तानविरुद्ध १२८ चेंडूंत नाबाद २०१ धावा केल्या. मुंबईच्या उकाड्यात ५० षटके क्षेत्ररक्षण करून तो फलंदाजीला आला होता. खेळीच्या उत्तरार्धात त्याच्या पायांत आणि पाठीत एकामागून एक गोळे आले आणि तो मैदानावर अक्षरशः कोसळला. त्यानंतर पळून धावा काढणे जवळपास बंद करून त्याने उभ्या जागेवरून फटके मारले. पॅट कमिन्सबरोबर त्याने आठव्या गड्यासाठी २०२ धावांची अभेद्य भागीदारी केली. याच मैदानावर आठवडाभराने उपान्त्य सामन्यात शुभमन गिललाही गोळ्यांमुळे ७९ धावांवर तात्पुरते मैदान सोडावे लागले. उष्णता, घाम आणि थकवा ही तिन्ही कारणे अशा वेळी हातात हात घालून येतात.

म्हणूनच आज बहुतेक अभ्यासक कोणत्याही एका कारणावर बोट ठेवत नाहीत. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात दहा पुरुषांवर झालेला एक छोटा प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. त्यांना उष्ण खोलीत उतारावर धावण्याचा व्यायाम देऊन घामाने वजन दोन टक्के घटू दिले. नंतर एकदा साधे पाणी आणि एकदा क्षार-साखरेचे द्रावण पाजून त्यांच्या पोटरीत विजेच्या सौम्य धक्क्यांनी गोळा आणून पाहिला. साध्या पाण्यानंतर गोळा अधिक सहज आला. द्रावणानंतर तो येणे कठीण झाले. थोडक्यात, थकवा हे मुख्य कारण असले तरी खूप घाम गाळल्यावर नुसते पाणी ढोसणे त्रासात भर घालू शकते. खाणीतील कामगारांचे निरीक्षण त्यांच्या परिस्थितीपुरते खरेच होते.

गोळा आल्यास तत्काळ काय करावे?

धावताना पोटरी फडफडू लागली, आतून लहान लहान ओढ जाणवू लागली तर ती पूर्वसूचना समजावी. वेग तेथेच कमी करावा, पावले आखूड टाकावीत आणि चवड्याऐवजी पूर्ण तळवा टेकवत चालावे. अनेकदा एवढ्यानेच गोळा टळतो.

गोळा आलाच तर पुढील क्रम उपयोगी ठरतो.

पहिली गोष्ट म्हणजे थांबणे. मागून येणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला व्हावे आणि झाड, खांब किंवा भिंत यांचा आधार घ्यावा. गोळा घेऊन तसेच पळत राहिल्यास स्नायूचे तंतू फाटण्याची भीती असते.

त्यानंतर भिंतीला दोन्ही हात टेकवून दुखरा पाय मागे न्यावा. गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली आणि पाऊल नेमके पुढच्या दिशेला असावे. मग कंबर हळूहळू पुढे न्यावी. पोटरीत ताण जाणवला की तेथेच वीस ते तीस सेकंद थांबावे. कळ न ओसरल्यास थोडे सैल सोडून पुन्हा तसेच करावे. कळ पोटरीच्या खालच्या, टाचेकडील भागात असेल तर सोलियस आखडला असण्याची शक्यता असते. अशा वेळी टाच न उचलता मागचा गुडघा किंचित वाकवून ताण द्यावा.

उभे राहणे अशक्य असेल तर खाली बसून पाय सरळ पसरावा आणि चवडा हाताने स्वतःकडे ओढावा. हात पोहोचत नसल्यास टॉवेल, ओढणी किंवा टी-शर्ट चवड्याभोवती अडकवून दोन्ही टोके सावकाश ओढावीत. त्याच वेळी पायाची बोटे स्वतःच्या जोराने नडगीकडे उचलण्याचा प्रयत्न करावा. नडगीपुढचा स्नायू काम करू लागला की त्याच्या विरुद्ध बाजूचा, म्हणजे पोटरीचा स्नायू सैल पडण्यास मदत होते.

हिसका मात्र कदापि देऊ नये. मदतीला धावून आलेले मित्र पुष्कळदा जोराने पाय पिरगाळतात किंवा गोळ्यावर मूठ रगडतात. त्यामुळे आधीच ताठरलेल्या स्नायूला इजा होऊ शकते. गोळा सुटल्यानंतर टाचेकडून गुडघ्याकडे हलक्या हाताने चोळणे पुरेसे असते. शर्यतींत ठिकठिकाणी मिळणारा वेदनाशामक स्प्रे त्वचेला गारवा देतो आणि घटकाभर बरे वाटते. आखडलेला स्नायू त्याने सुटत नाही.

पुन्हा धावावे की थांबावे?

गोळा सुटल्यावर लगेच पूर्वीच्या वेगाने पळू नये. दोन-तीन मिनिटे चालावे आणि पाय झटकून पाहावा. एका पायावर उभे राहून टाच उचलता आली आणि कळ आली नाही, तर सावकाश धावण्यास हरकत नाही. त्याच पोटरीत दुसऱ्यांदा गोळा आला, तर उरलेले अंतर चालत पूर्ण करावे. तिसऱ्यांदा आल्यास शर्यत सोडण्यात शहाणपण आहे. एकदा गोळा आलेला स्नायू काही काळ हळवा राहतो आणि क्षुल्लक कारणानेही पुन्हा आखडतो. घरी परतल्यावर पोटरी फार दुखत असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा. दुखरेपणा पूर्ण जाईपर्यंत चढ आणि वेगाचा सराव टाळावा.

लोणच्याचे पाणी, केळी आणि गोळ्या

परदेशातील खेळाडू गोळा आल्यावर खारवलेल्या काकडीच्या बरणीतील आंबट-खारट पाणी पितात. अमेरिकी संशोधक केव्हिन मिलर यांनी २०१० मध्ये त्याची परीक्षा घेतली. पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेने गोळा आणून स्वयंसेवकांना वजनाच्या दर किलोमागे एक मिलिलिटर इतके हे पाणी दिले. साध्या पाण्यापेक्षा त्याने गोळा लवकर, सुमारे दीड मिनिटात सुटला. एवढ्या वेळात मीठ पोटातून रक्तात पोहोचणे शक्यच नसते. त्यामुळे आंबट-तिखट चवीने तोंड व घशातील मज्जातंतू चेतवले जातात आणि त्यांच्यामार्फत स्नायूला शांत होण्याचा संदेश मिळतो, असा अंदाज मांडला गेला. आपल्याकडील तेल-मसाल्याच्या लोणच्याचा याच्याशी संबंध नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

केळे हे धावपटूचे चांगले खाद्य आहे, ते त्यातील शर्करेमुळे. गोळ्यावरचा तातडीचा उपाय म्हणून त्याचा उपयोग होत नाही. केळ्यातील पोटॅशियम रक्तात उतरण्यास अर्धा ते एक तास लागतो. शिवाय घामातून पोटॅशियम फार थोडे जाते. मोठा तोटा सोडियमचा, म्हणजेच मिठाचा असतो. नारळपाण्यालाही हेच लागू आहे. त्यात पोटॅशियम मुबलक आणि सोडियम कमी असते.

मॅग्नेशियमच्या गोळ्या औषधांच्या दुकानांत सर्रास मिळतात. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये घेतलेल्या आढाव्यात वृद्धांच्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा लक्षणीय फायदा होण्याची शक्यता कमी असल्याचे म्हटले. व्यायामातून येणाऱ्या गोळ्यांबाबत तर नीट चाचण्याच उपलब्ध नसल्याचे त्यात नमूद आहे. हिवतापावरचे क्विनाइन हे औषध एके काळी गोळ्यांसाठी दिले जाई. हृदय आणि रक्तावरील गंभीर दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या वापराविरुद्ध २००६ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये इशारे दिले. शर्यतीआधी खबरदारी म्हणून वेदनाशामक गोळी घेण्याची प्रथाही घातक आहे. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

पाणी किती प्यावे?

कमी पाण्याइतकेच अती पाणीही वाईट. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा घटलेले आढळले. शर्यतीत वजन वाढलेल्यांना, म्हणजे गमावल्यापेक्षा जास्त पाणी प्यालेल्यांना हा धोका अधिक होता. सोडियम फार घटल्यास मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा आणि झटके येऊन प्राणावर बेतू शकते. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने तहान लागेल तसे पाणी प्यावे, असा साधा सल्ला दिला.

आपल्याला किती घाम येतो, हे घरच्या वजनकाट्यावर कळते. सरावाआधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो वजन घटले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेले. वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले. टी-शर्टवर आणि टोपीवर मिठाचे पांढरे डाग उठत असतील तर घामात मीठ अधिक आहे, असे समजावे. अशांनी तासाभराहून लांब पल्ल्यासाठी मीठ घातलेले लिंबू सरबत, पातळ ताक, कोकम सरबत किंवा जलसंजीवनी यांपैकी जे पचते ते घ्यावे. जलसंजीवनी घरीही करता येते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण चुकवू नये. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मीठ वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

गोळा टाळण्याचा खरा मार्ग

थकवा हे मूळ असल्याने उपायही सरावातच आहे. बहुतेक गोळे अशा अंतरावर, अशा वेगाने किंवा अशा रस्त्यावर येतात, ज्याची शरीराला सवय नसते. सपाट रस्त्यावर सराव करून सातारा हिल मॅरेथॉनला जाणाऱ्याची पोटरी यवतेश्वरच्या घाटात तक्रार करणारच. चढावर तिला शरीर वर ढकलावे लागते, उतारावर ताणल्या अवस्थेत भार झेलावा लागतो आणि दोन्हींनी ती वेगाने थकते. शर्यत जशी असेल तसाच रस्ता, तशीच वेळ आणि तसाच वेग सरावात काही आठवडे आधीपासून यायला हवा. साप्ताहिक अंतर हळूहळू वाढवावे. उष्ण हवेची सवय व्हायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, हेही ध्यानात घ्यावे.

पोटरीची ताकद वाढवण्यासाठी जिन्याची एक पायरी पुरते. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभे राहावे, टाचा वर उचलाव्यात आणि मनात तीन आकडे मोजत सावकाश पायरीच्या पातळीखाली न्याव्यात. असे पंधरा वेळा, तीन फेऱ्यांत करावे. एकदा गुडघे सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून केल्यास दोन्ही स्नायूंना व्यायाम मिळतो. दोन्ही पायांवर सोपे वाटू लागल्यावर एकेका पायावर करावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेसे आहेत. सोबत मांड्या आणि नितंबांचे व्यायाम असावेत. हे मोठे स्नायू दुबळे असले की त्यांचा भार पोटरीवर येतो.

धावण्याआधी पाच-दहा मिनिटे भरभर चालून, हलके पळून अंग गरम करावे. बराच वेळ स्थिर ताण देण्याने गोळा टळतो, असे सिद्ध झालेले नाही. तो धावून झाल्यावर द्यावा. पातळ टाचेचे नवे बूट किंवा चवड्यावर धावण्याची नवी पद्धत एकदम स्वीकारू नये, कारण दोन्हींमुळे पोटरीवरचा भार वाढतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी भात, पोळी, बटाटा यांसारखे पिष्टमय जेवण आणि पुरेशी झोप घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुरुवातीचे किलोमीटर आवरून धावावे. गर्दी आणि वाद्यांच्या गजरात पहिल्या पाच किलोमीटरमध्ये घेतलेल्या वेगाची किंमत शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये मोजावी लागते.

भरतीच्या उमेदवारांसाठी

१६०० मीटरच्या धावण्यात घामाने मीठ संपण्याइतका वेळच नसतो. येथे गोळा येतो तो झेपण्यापलीकडच्या वेगाने, सतत चवड्यावर पळल्याने आणि आदल्या दिवसापर्यंत कसून केलेल्या सरावाने. अनेक उमेदवार रात्रभर प्रवास करून, बसस्थानकावर किंवा पदपथावर झोपून पहाटे मैदानावर उभे राहतात. उपाशीपोटी, अपुऱ्या झोपेत, थंड अंगाने घेतलेली पहिली धाव गोळ्याला आमंत्रण देते. शेवटचे दोन-तीन दिवस सराव हलका ठेवावा, शक्य असल्यास एक दिवस आधी पोहोचावे, चाचणीच्या दोन-तीन तास आधी हलका आहार घ्यावा आणि नाव पुकारले जाण्याआधी अंग गरम करून घ्यावे. पहिली फेरी सर्वांच्या पुढे काढण्याचा मोह टाळावा.

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलिस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही उमेदवारांना प्राण गमवावे लागले होते. उन्हात धावताना शरीर देत असलेले इशारे दुर्लक्षिल्यास काय होऊ शकते, याची ही वेदनादायी आठवण आहे.

गोळा नव्हे, दुसरेच काही

साधा गोळा ताण दिल्यावर सुटतो. जो सुटत नाही किंवा ज्याच्यासोबत पुढील लक्षणे दिसतात, त्याला गोळा समजून चोळत बसू नये.

पाठीमागून कोणी दगड मारल्यासारखी तीव्र कळ, 'कट्' असा आवाज, त्यानंतर सूज आणि काळेनिळे डाग दिसल्यास स्नायू फाटला असण्याची शक्यता असते. टाचेच्या वर खड्डा जाणवत असेल आणि चवड्यावर उभेच राहता येत नसेल तर अकिलीस कंडरा तुटलेली असू शकते. या दोन्हींत ताण देणे आणि मालिश वर्ज्य आहे.

एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, लालसर असेल आणि विश्रांतीतही सतत दुखत असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ही गुठळी फुप्फुसात गेल्यास जीव धोक्यात येतो. म्हणून पाय न चोळता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पन्नाशी ओलांडलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तीला ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी दुखू लागत असेल आणि थांबताच बरे वाटत असेल, तर पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या नाहीत ना, हे तपासावे. कोलेस्टेरॉल कमी करणारी किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना वारंवार गोळे येऊ लागल्यास त्यांनी ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. औषध स्वतःहून बंद करू नये. कठोर व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली तर स्नायूंची मोठी झीज होऊन मूत्रपिंडांवर परिणाम होत असल्याची ती खूण असते. रुग्णालयात जाण्यास विलंब लावू नये.

सर्वांत तातडीची अवस्था उष्माघाताची. गोळ्यांबरोबर धावपटू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, ओळखीच्यांना ओळखेनासा झाला किंवा बेशुद्ध पडला तर क्षणही न दवडता त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून सर्वांगावर थंड पाणी ओतावे, काख, मान व जांघेत बर्फ ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत शरीर थंड करणे थांबवू नये. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

पोटरीत आलेला गोळा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. आपण झेपेल त्यापेक्षा जास्त मागितले, एवढेच तो सांगत असतो. तेवढे ऐकून दोन मिनिटे थांबणारा धावपटू पुढच्या रविवारी पुन्हा रस्त्यावर दिसतो.